सतीआईची घटका

सतीशिळेखाली राखेची दोन गाडगी निघाली, एक सतीआईचं, एक तिच्या नवऱ्याचं. राखेवरून जीव कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला गेला, हे वृंदा सामंतचं यंत्र सांगायचं.

“बाई, आईची घटका सांगा,” गुरव म्हणाले. “जत्रेची पूजा त्याच घटकेला करू.” मागे ओट्या घेऊन बायका उभ्या होत्या.

आधी नवऱ्याचं उत्तर आलं, दिवस मावळतानाचं. गुरवांनी मान डोलावली. “बरोबर. त्याच्या चितेवर आई आपल्या पायांनी चढली.”

दुसरं उत्तर पाहून वृंदानं यंत्र पुसून पुन्हा लावलं. उत्तर तेच. तिनं मागे पाहिलं; तिची गाडी गर्दीच्या पलीकडे होती.

“काय झालं?” गुरवांनी विचारलं.

“आई त्याच दिवशी सकाळी जळाली,” ती कशीबशी म्हणाली. “तेव्हा तो जिवंत होता.”

बायका शिळेकडे नाही, आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या.