धपाट्यांचा द्रोण

“धपाटे गार होऊन राहिलेत, उचला की पाय!” घाटाच्या पायऱ्यांवर पंचफुलाबाई कुरकुरल्या. नागोराव मास्तर मागून उतरले.

लढाईच्या वर्षी त्यांचा मुलगा अवधूत बसऱ्याच्या बोटीत चढला. मागाहून बोटीची तार आली, तेव्हापासून घरात सगळे एकच म्हणत, “तिकडंच रमलाय.” बाई दर पुनवेला त्याच्या आवडीचे लसणाचे धपाटे द्रोणात घालून गावच्या गंगेत सोडत. गंगा समुद्राला मिळते, एवढं त्यांना पुरे होतं. मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, नकाशे शिकवणारे मास्तर सहा वर्षं गप्प होते. आज मात्र त्यांना राहवलं नाही.

“अगं, ही गंगा उगवतीच्या समुद्राला मिळती. त्याची बोट मावळतीच्या समुद्रात गेली. ह्यातलं काही त्याला पोचत न्हाई.”

बाईंनी द्रोण अलगद पाण्यावर ठेवला.

“बुडालेल्या लेकराला, आवो, उगवती काय अन् मावळती काय?”