बघून गेलेल्या पार्ट्या
सकाळपासून चार गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवून नव्या एजंटच्या पायांचे तुकडे पडले होते. प्रत्येकाला त्याने ऐकवलं होतं, "लवकर ठरवा, आणखी एक पार्टी बघून गेलीय." पार्टी अर्थातच कुठलीच नव्हती, धंद्यात शिरल्यावर पहिलं शिकलेलं वाक्य ते. दुपारी एका मुरलेल्या एजंटने त्यालाच गुंतवणुकीसाठी रिकामा फ्लॅट दाखवला. स्वतः दारातच थांबून तो म्हणाला, "सकाळीच दोन पार्ट्या बघून गेल्या." याचा जीव वरखाली झाला. खिडकीपर्यंत जाऊन आला आणि बायकोने साठवलेलं सगळं टोकन म्हणून देऊन टाकलं. संध्याकाळी पाय ओढत त्याने तिला तिथे आणलं. "दोन पार्ट्यांच्या तोंडचा घास काढलाय," तो म्हणाला. तिने दिवा लावला. जमिनीवरच्या जाड धुळीत त्याच्या एकट्याच्या बुटांचे ठसे खिडकीपर्यंत गेले होते. "अहो, त्या पार्ट्या काय उडत आल्या होत्या?"