एका पुरुषाला दोन बायका

दहावीच्या वर्गात टिपणीस सरांनी फळ्यावर गणित लिहिलं. एक काम चार पुरुष सहा दिवसांत करतात, तेच काम आठ स्त्रिया सहा दिवसांत करतात; तर दोन पुरुष आणि चार स्त्रिया मिळून ते किती दिवसांत करतील?

"म्हणजे एका पुरुषाचं काम करायला दोन बायका लागतात," सर म्हणाले. मागच्या बाकावरची मुलं फिदीफिदी हसली.

कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई बांधकामावर जायची. सुट्टीत कांचनही सोबत असायची. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटनं भरलेली घमेली आई बाप्यांच्या बरोबरीनं वर चढवायची, आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागायची.

"सर, हे खोटं आहे," ती उभी राहून म्हणाली.

"येत नसेल तर तसं सांग. उगाच कारणं नकोत."

ती तरातरा फळ्यापाशी गेली. एकही पायरी न गाळता तिनं उत्तर काढलं: सहा दिवस.

"उत्तर बरोबर आहे, सर. गणितच चुकीचं आहे. माझ्या आईला अर्धं कुणी धरलं?"

आता कुणीच हसलं नाही. सरांनी तिच्याकडे न बघता फळा पुसला आणि पुढचं गणित सांगायला घेतलं.

"आठ पुरुष एक भिंत..." ते अडखळले. घसा खाकरून म्हणाले, "आठ मजूर एक भिंत..."

कांचन जागेवर जाऊन बसली. राग अजून उतरला नव्हता. तिनं वहीत लिहिलं, 'आठ मजूर.'