उखर्डूचा फोटो

"किती लांबून काढायचे आहेत फोटो?" योगराजभाऊंनी विचारलं.

जळगावच्या त्यांच्या दुकानात काउंटरवर डिंपलचा नवाकोरा कॅमेरा होता. तिचा पहिलाच. शेजारी दोन लेन्स. एक आखूड, वाटीएवढी. दुसरी चांगली वीतभर लांब.

"घराच्या ओट्यापासून मळ्यातल्या विहिरीपर्यंत," डिंपल म्हणाली.

"विहिरीवर वाघबिघ येतो की काय?"

"नाही भाऊ. पप्पा येतात."

योगराजभाऊ हसले. माणसाचा चेहरा काढायचा तर ही छोटीच घे, असं त्यांनी समजावलं. हिला झूम नाही, आपणच चार पावलं पुढे जायचं. पण चेहरा असा येतो, की मागचं सगळं विरघळून जातं आणि माणूस तेवढा उरतो.

"तेच तर जमत नाही ना. जवळ जाता येत नाही."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही लेन्स पिशवीत घालून दिल्या. "घरी लावून बघ. सोमवारी एक परत आण."

फैजपूरला जाणाऱ्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन डिंपल बसली होती. पुढच्या आठवड्यात तिला धुळ्याच्या बँकेत हजर व्हायचं होतं. खोली ठरली होती, बँकेत स्वतःचं टेबल मिळणार होतं. त्या टेबलावर ठेवायला पप्पांचा फोटो मात्र नव्हता. घरातही नव्हता. आधार कार्डावरचा तेवढा सोडला, तर कुठेच नव्हता.

कारण आजी. शेवंताबाईंची चार लेकरं पाळण्यातच गेली होती. पाचवा, म्हणजे पप्पा, जन्मला तेव्हा त्यांनी त्याला उकिरड्यावर ठेवला. शेजारणीनं उचलला आणि पसाभर ज्वारी घेऊन परत दिला. टाकून दिलेल्या पोराकडे कोण वाईट डोळ्यानं बघणार? म्हणून नावही उखर्डू ठेवलं. पोर जगलं. पण शेवंताबाईंच्या जिवाला पुन्हा कधी स्वस्थता आली नाही. फोटो म्हणजे नजरेला आवतण. उखर्डूच्या लग्नात त्यांनी फोटोवाल्याला मांडवाच्या दारातूनच परत पाठवलं. आधार कार्डाच्या वेळी नाइलाज झाला, तर त्या संध्याकाळी पन्नाशीच्या लेकाला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. उखर्डूही निमूट बसला. डिंपलनं मोबाइल समोर धरला, की तो तोंड फिरवायचा. "राहू दे बेटा. तिचा जीव घाबरतो."

म्हणून लांबची लेन्स. आजीला कळणार नाही, पप्पांनाही कळणार नाही. चोरून काढलेला का होईना, एक फोटो.

रविवारी सकाळी आजी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. म्हणजे हात फिरवत होती. नजर अधू झालेली, आणि चष्मा नाकाला रुततो म्हणून तो देव्हाऱ्यात ठेवून वर्षं लोटली होती. माणसं ती आवाजावरून आणि चालीवरूनच ओळखायची. डिंपल खांबाआड उभी राहिली. लांबची लेन्स लावली. केळीच्या खोडांमधून पप्पा विहिरीवर आले, मोटार बंद केली आणि वाकून हातपाय धुवायला लागले. डिंपलनं कॅमेरा डोळ्याला लावला. पप्पा एकदम हाताच्या अंतरावर आले.

"काय करू राहिली गं?" मागून आजीचा आवाज.

डिंपल दचकली. खोटं बोलायचं ठरवूनही तिला बोलता येईना. "पप्पांचा फोटो काढत होते, आजी."

सुपातला हात थांबला. आजीचा चेहरा असा उतरला, की डिंपलला स्वतःचीच लाज वाटली.

"काढला?"

"अजून नाही." ती आजीजवळ जाऊन बसली. "फोटो नाही काढत. तू नुसतं पाह्य यातून. पाह्यल्यानं काही होत नाही."

आजी तयार नव्हती. पण लेकाला पाहायचं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? डिंपलनं कॅमेऱ्याचं ओझं स्वतः पेललं आणि आजीचा डोळा तिथे टेकवला. डोळ्याजवळची, चष्म्याच्या नंबरासारखी नजरेला जुळवायची बारीक चकती ती हळूहळू फिरवत गेली. "दिसतं का?"

"धुकट हाय." मग जरा वेळानं, "थांब. थांब."

विहिरीवर उखर्डू टॉवेलनं तोंड पुसत होता.

"हा कोन म्हतारा घुसला आपल्या मळ्यात?"

"पप्पाच आहेत ते, आजी."

डाव्या हातानं आजीनं डिंपलचं मनगट घट्ट पकडलं. पांढरे झालेले केस, गालाच्या घड्या, पुढचा पडलेला दात, सगळं ती सावकाश पाहत राहिली. डिंपलला वाटलं, आता ही रडणार. आपण हे काय करून बसलो. तिनं कॅमेरा काढून घ्यायला हात पुढे केला, तर आजीनं तो बाजूला सारला.

बऱ्याच वेळानं तिनं कॅमेऱ्यावरून डोळा बाजूला घेतला. ती हसत होती. इतक्या वर्षांत आजीला असं मोकळं हसताना डिंपलनं पाहिलं नव्हतं.

"बलाव त्याले इकडे. इथी बसव, माह्याजवळ, आन् जवळून काढ चांगला," ती म्हणाली. "इतका म्हतारा झाला माहा पोरगा. आता कोनाची नजर लागते त्याले?"