बारा नंबरपासून

बीटी कापसाच्या वेचणीला बाकीची सगळी पोरं गेल्याने शाळा ओस होती. शाहीनचा आनंद मात्र संगणकखोलीत मावत नव्हता. सॉफ्टवेअर नेटवरून एकदाच उतरवायचं, तिच्या एक नंबरच्या संगणकात साठवायचं, बाकीच्या अकरा संगणकांनी तिथूनच घ्यायचं, ही सोय तिने एकटीने जमवली होती.

"बाराही भरले त जिल्ह्याच्या स्पर्धेले तूच जाशीन," प्रसेनजित सर म्हणाले.

तिच्या पडद्यावर सॉफ्टवेअरची मागणी उमटली. बारा नंबर. मग अकरा. दहा.

"सर, घेऊन राह्यले! धडाधड!"

"काऊन वं, मजाक करतं? बाकीचे म्या अजून चालूच नाही केले."

शाहीनने वळून पाहिलं. अकरा काळे पडदे.

चार. तीन.

संगणकांना जोडणारी वायर उपटली तर स्पर्धा गेली. तिने हात आवरला.

दोन.

तिच्या बोटांशेजारची कीबोर्डची बटणं आपोआप एकेक करून दबू लागली.