खडूच्या तीन खुणा

दिवा लागलाच नाही. किरणकुमारने बुटाच्या टोकाने डबा पुन्हा दाबला. वायर काढून परत खोचली, पुन्हा दाबला. कॉम्प्रेसर पेडलचा लाल ठिपका मेला होता तो मेलाच. जयनगरच्या सभागृहात माणसं खुर्च्या सरकवून बसायला लागली होती आणि तिथल्या मराठी समाजाच्या स्नेहसंमेलनातला त्यांच्या बँडचा कार्यक्रम दहा मिनिटांवर आला होता.

गिटार आणि आवाज वाढवणारा अँप यांच्यामध्ये बसणाऱ्या त्या वीतभर डब्याचं काम एवढंच, की जोरात वाजलेला सूर दाबायचा आणि दबलेला सूर वर उचलायचा. बाकीचे गिटारवाले तो हौसेने लावतात. किरणकुमारला त्याच्याशिवाय स्टेजवर चढायची छाती नव्हती. दिवाळीपासून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट थरथरत होतं. एक फटका तारेवर आदळायचा, पुढचा नुसता घसरून जायचा. डबा दोन्ही सारखे करून द्यायचा. थरथर वाढली की तो डब्याचं बटण थोडं पुढे फिरवायचा आणि चिकपेटच्या आपल्या कापडदुकानातल्या खडूने तिथे खूण करायचा. आता खुणा तीन झाल्या होत्या. चौथीला जागा उरली नव्हती.

हे कुणाला ठाऊक नव्हतं, बायकोला, सत्यवतीलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वडिलांचं, हणमंतरावांचं, असंच सुरू झालं होतं. आधी कात्री गेली, मग कपबशी. शेवटची सहा वर्षं त्यांच्या सदऱ्याची बटणं दुसऱ्या कुणीतरी लावली, आणि लावणाऱ्याकडे न बघता ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. रोज सकाळी स्वतःची बटणं लावताना किरणकुमारला ती भिंत दिसायची. डॉक्टरकडे गेलं की दुखण्याचं नाव कळणार, म्हणून तो गेलाच नव्हता.

दुकानात त्याने कात्री नोकराच्या हाती सोपवली होती. एकदाच फसला. तीन महिन्यांपूर्वी बँडमधली ड्रमवाली भव्या अर्धा मीटर पांढरं फ्लॅनेल घ्यायला आली आणि नोकर नेमका जेवायला गेलेला. कापड त्यालाच कापावं लागलं. काठ नागमोडी गेला. "कुणाच्या बाळंतविड्यासाठी का गं?" त्याने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. भव्या नुसती हसली आणि कापड पिशवीत टाकून गेली.

पुढचा आठवडाभर तिचा फोन आला की तो दचकायचा. पण ती काही बोलली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. उलट त्यानंतर बँडमध्ये त्याला आपला सूरन् सूर स्वच्छ ऐकू यायला लागला. तिसरी खूण बरोबर बसली, असं त्याला वाटलं. वाजवताना तो मान खाली घालून लाल ठिपक्याकडेच बघायचा. इकडेतिकडे बघायचा धीरच नव्हता.

"दादा, स्किप कर ना ते पेडल," कीबोर्डवरून प्रणीत म्हणाला. तो पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेला, त्याला सगळंच सोपं वाटायचं. "डायरेक्ट अँपला लाव."

"वाजवा अण्णा तसंच," मागून भव्या तिच्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाली. "स्वल्प कमीजास्त झालं तर कोण बघतंय? सरी, ठीक?"

बघणारं माणूस पहिल्याच रांगेत बसलं होतं. अंबूबाई, हणमंतरावांची बहीण. भावाची बटणं सहा वर्षं त्यांनीच लावली होती. त्यांना एक घसरलेला फटका पुरला असता.

पडदा सरकला. पहिलाच फटका आदळला, दुसरा घसरला, आणि आता मेलो असं म्हणून त्याने डोळे मिटले. पण घसरलेला सूरही ऐकू आला. बारीक, पण आला. त्याच्या पुढचाही आला. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. त्याने एक डोळा उघडून पाहिलं, तर अंबूबाई मान डोलावत होत्या. चौथ्या गाण्याला टाळ्या पडल्या तेव्हा त्याला अगदी खात्री पटली, की हाताला काहीही झालेलं नाही. आता डबा नको आणि डॉक्टरही नको. एवढा घोडा झालेला माणूस दोन बोटांना घाबरला म्हणून त्याला स्वतःचं हसू आलं.

पडदा पडला. पायाशी बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो कितीतरी महिन्यांनी मागे वळला. भव्या ड्रमचे स्क्रू सोडवत होती. तिच्या काठ्या स्टुलावर पडल्या होत्या. दोन्हींच्या टोकांना पांढरं कापड गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधलं होतं. त्याने एक काठी उचलली. फ्लॅनेल होतं. एका बाजूचा काठ नागमोडी होता.

त्याने प्रणीतच्या कीबोर्डकडे पाहिलं. आवाजाचं बटण जवळजवळ शून्याला टेकलं होतं. प्रणीत वायर गुंडाळत होता आणि गुंडाळलेलीच परत उलगडत होता.

कुणाला कळू नये म्हणून किरणकुमारने जिवाचा आटापिटा केला होता, आणि ही दोघं तीन महिने त्याच्या मागे उभी होती. हातातली काठी थडथडायला लागली. तो हात खिशात घालायचंही त्याला सुचलं नाही.

भव्या उठून आली. तिने काठी काढून घेतली नाही, काठीसकट त्याचा हातच धरला.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ या, अण्णा," ती म्हणाली. "याहून हळू आता आम्हाला वाजवता येत नाही."