घेरीची नोंद

"पान फाडा," कमांडंट म्हणाले.

दप्तरींनी चष्मा काढून पुसला. सैनिकी रुग्णालयाचे जुने कागद सांभाळण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात त्यांनी उंदरालाही कोपरा कुरतडू दिला नव्हता.

"फाडता नाही येणार, साहेब. पानांवर नंबर आहेत."

"मग वहीच गायब करा. जनरल साहेब पाऊण तासात पोचतील."

वही होती लसीकरणाची, चाळीस वर्षांपूर्वीची. सुई पाहून कोणाला घेरी आली, हे लिहायला तिच्यात शेऱ्याचा खास रकाना होता आणि तो भरगच्च होता. तोफेपुढे छाती काढणाऱ्यांची सुईपुढे काय गत होते, याचा इतका प्रामाणिक इतिहास दुसरीकडे नसेल. आज सकाळी दप्तरींना त्यात खुद्द जनरल साहेब सापडले. आनंदाच्या भरात त्यांनी ते कमांडंटना सांगून टाकलं. सत्तावीस वर्षांतली ही त्यांची पहिली चूक.

जनरल साहेब येणार होते ते एकच गोष्ट ठरवायला. जुन्या करवती, कॅनव्हासचे स्ट्रेचर, जळवांच्या रिकाम्या बरण्या असं सगळं दप्तरींनी ज्या खोलीत हौसेनं मांडलं होतं, ती खोली संग्रहालय म्हणून राहायची की तिथं गाद्यांचं कोठार व्हायचं? गाद्या व्हरांड्यात येऊन थांबल्याही होत्या.

जनरल साहेब आले ते सपत्नीक. हात पाठीमागे बांधून त्यांनी करवती पाहिल्या. जळवांच्या बरणीपाशी थांबून ते "हं" म्हणाले. त्या "हं"सरशी गाद्या चार पावलं आत आल्यासारख्या दप्तरींना वाटल्या.

"आमच्या वेळची लसीकरणाची वही असेल का हो?"

"वाळवी लागली, सर," कमांडंट घाईघाईनं म्हणाले. "भुगा झाला नुसता."

जनरल साहेबांनी दप्तरींकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"वाळवीची काय बिशाद, साहेब," दप्तरी म्हणाले आणि त्यांनी कपाटामागून वही काढली. कमांडंटनी डोळे मिटले.

जनरल साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "कॅडेट, वय एकोणीस. सुई दाखवताच घेरी. टोचल्यावर पुन्हा घेरी. मधल्या वेळात आईला हाक. तीन दिवस देखरेखीखाली."

सगळे अधिकारी एकदम करवतींचा अभ्यास करू लागले. जनरल साहेबांचे कान लाल झाले होते.

"ही नोंद चुकीची आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

गाद्या आल्या असत्या तर दप्तरींनी एकवेळ सोसलं असतं. हे त्यांना सोसवेना. "माफ करा, बाईसाहेब. या वहीत चूक नसते."

"अहो, अक्षर माझंच आहे. तेव्हा मी इथली सगळ्यात नवी सिस्टर होते. लिहिलंय दोनदा. हे पडले होते तीनदा."

"झालं सुरू," जनरल साहेब म्हणाले आणि गदगदून हसले. "चाळीस वर्षांचा वाद आहे हा. मी म्हणतो दोनदा, ही म्हणते तीनदा. आज मला लेखी पुरावा मिळाला. कमांडंट, या खोलीतली टाचणी जरी हलली ना, तर गाठ माझ्याशी आहे."

गाद्या निघाल्या. कमांडंट त्यांना वाट दाखवायला स्वतः धावले.

दप्तरींनी मात्र खिशातून पेन काढलं होतं. "दुरुस्ती करायची तर कारण लिहावं लागतं, बाईसाहेब. तिसऱ्या वेळी लस कुठली होती?"

"लस नव्हती," बाईसाहेब म्हणाल्या. "डिस्चार्ज मिळाला तेव्हा यांनी मला विचारलं, आणि मी हो म्हटलं."